सहाशे गाई आणि तीन माणसे: रँचवरचा दिवस नेमका कसा असतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. सांगली जिल्ह्यात तुमच्या घरी बारा संकरित गाईंचा गोठा आहे, पशुसंवर्धनाचे शिक्षण पूर्ण झाले आहे, आणि अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात मांसासाठी गुरे वाढवणाऱ्या एका रँचवर वर्षभर प्रशिक्षणार्थी म्हणून राहण्याची संधी आली आहे. तिथे सहाशे गाई असून मालक, त्यांची पत्नी आणि एक कामगार एवढीच माणसे त्या सांभाळतात, असे तुम्हाला कळवण्यात आले. घरी बारा गाईंना दोन माणसे पुरत नाहीत, मग तिघांत सहाशे कशा होतात, दिवस किती वाजता सुरू होतो, दिवसभर करायचे काय आणि गोठ्यातला अनुभव तिथे उपयोगी पडेल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, काही वर्षे आपल्याकडच्या दुधाळ जनावरांत काम केले आणि त्यानंतरचा बराच काळ नेब्रास्काच्या सँडहिल्स भागात गाई-वासरांच्या कळपांत घालवला. दोन्हीकडचे काम हाताखालून गेल्यामुळे मला असे वाटते की, तुमचा खरा प्रश्न माणसांच्या संख्येचा नसून ‘जनावर सांभाळणे’ यात काय काय येते, याचा आहे. गोठ्यात वैरण, पाणी, पेंड, सावली आणि स्वच्छता हे सगळे आपण गाईपाशी नेतो आणि दिवसातून दोनदा तिचे दूध काढतो. रँचवर गाय चाऱ्याकडे आणि पाण्याकडे स्वतः चालत जाते, तिचे दूध तिचे वासरू पिते, आणि माणसाकडे मुख्यतः दोन कामे उरतात: ही व्यवस्था बिघडू न देणे, आणि कोणत्या गाईला केव्हा हात लावायचा व केव्हा लावायचा नाही, हे ओळखणे. हे दुसरे काम ऐकायला सोपे असले तरी शिकायला सर्वात जास्त वेळ तेच घेते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. टेक्सासच्या दक्षिणेकडील रँच, मोंटानातील डोंगरपायथ्याची रँच आणि नेब्रास्कातील रँच यांचे दिवस सारखे नसतात. एकीकडे गोचीड आणि उन्हाळा यांच्याशी झुंज असते, तर दुसरीकडे बर्फाशी. वासरे फेब्रुवारीत येतात की मे महिन्यात, यावरही तुमचा अर्धा वसंत ऋतू कसा जाईल, हे ठरते. शिवाय केवळ मांसासाठी जनावरे दाणावैरणीवर पुष्ट करणारा फीडलॉट हा पूर्ण वेगळा धंदा आहे आणि तिथले काम कारखान्यासारखे वेळापत्रकाने चालते. मी पुढे जे लिहितो आहे, ते सँडहिल्समधील गाय-वासरू पद्धतीच्या, म्हणजे गाई पाळून त्यांची वासरे विकणाऱ्या रँचबद्दल आहे, कारण तुम्ही दिलेल्या वर्णनावरून तुमची रँच याच प्रकारची दिसते.

सँडहिल्स म्हणजे गवताने बांधून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्यांचा सुमारे ५०,००० चौरस किलोमीटरचा प्रदेश. वर्षाचा पाऊस पश्चिमेकडे साधारण ४३० मिलिमीटर आणि पूर्वेकडे ५८० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तुमच्याकडच्या जत-आटपाडीची आठवण करून देणारा. फरक असा की, या वाळूखाली ओगलाला नावाचा प्रचंड भूजलसाठा आहे आणि टेकड्यांमधल्या सखल भागांत पाणी जमिनीच्या अगदी जवळ येते. ही जमीन नांगरली की वाळू उडू लागते, म्हणून इथे पीक एकच, ते म्हणजे गवत. एका गाईला वर्षभरासाठी वीस एकरांच्या आसपास जमीन लागते असे धरले, तर सहाशे गाईंची रँच बारा हजार एकरांच्या घरात जाते. तुम्हाला दिवसभर काय करायचे, याचे निम्मे उत्तर या आकड्यातच आहे, कारण त्यातील बराच वेळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यातच खर्च होतो.

आता हिशोब पाहू. गाईचा गाभणकाळ साधारण २८३ दिवसांचा. दरवर्षी त्याच सुमारास वासरू हवे असेल, तर व्याल्यानंतर ८२ दिवसांच्या आत ती पुन्हा गाभण राहिली पाहिजे. रँचचे संपूर्ण अर्थकारण या ८२ दिवसांवर उभे आहे. दुधाच्या गाईचा हिशोब आपण रोजच्या लिटरांत करतो. इथल्या गाईचे वर्षाचे उत्पन्न एकच असते, ते म्हणजे शरद ऋतूत विकले जाणारे सव्वादोनशे ते अडीचशे किलोचे वासरू. म्हणून इथे कामाचे एकक दिवस नसून वर्ष आहे. वळू साधारण पंचवीस गाईंना एक या प्रमाणात, दोन-अडीच महिन्यांपुरतेच कळपात सोडतात, त्यामुळे सगळी वासरेही दोन-अडीच महिन्यांच्या अवधीतच जन्मतात. काम असे मुद्दाम एकत्र आणलेले असते. त्यामुळे काही आठवडे तीन माणसांना झोप मिळत नाही आणि काही महिने तीच तीन माणसे निवांत वाटतील अशा गतीने काम करतात.

उन्हाळ्यातला, म्हणजे जून ते सप्टेंबरचा, साधा दिवस पहाटे उजाडताच सुरू होतो, पण दूध काढायचे नसल्याने घड्याळाचा धाक नसतो. पहिले काम पाण्याचे. वासराला पाजणारी गाय कडक उन्हात दिवसाला ६० ते ७५ लिटर पाणी पिते. दोनशे गाईंच्या कुरणातील पवनचक्की बंद पडली किंवा सौरपंपाची नळी तुंबली, तर टाकी एका दिवसात रिकामी होते आणि तहानलेली गुरे कुंपण मोडून निघतात. म्हणून प्रत्येक टाकी पाहायची, तरंगता व्हॉल्व्ह चालतो का ते बघायचे, टाकीत पडलेला पक्षी किंवा शेवाळ काढायचे. त्यानंतर मीठ आणि खनिज मिश्रण. त्याचे खाणे दर गाईमागे दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास राहते की नाही, हे रिकाम्या होणाऱ्या गव्हाणीवरून काढायचे. वसंतात कोवळे, लुसलुशीत गवत आले की त्यात मॅग्नेशियम कमी पडते आणि दूध पाजणारी चांगली धडधाकट गाय झटके येऊन काही तासांत मरते. म्हणून त्या काळात मिश्रणात मॅग्नेशियम वाढवलेले असते आणि ते गुरे खरोखर खातात की नाही, यावर लक्ष ठेवावे लागते.

मग कुंपण. चार-पाच पदरी काटेरी तार मैलोन् मैल गेलेली असते. वाऱ्याने, बर्फाने, हरणांनी आणि शेजाऱ्याच्या वळूने ती रोज कुठेतरी ढिली केलेली असते. तार ओढायचे यंत्र, पक्कड आणि खिळ्यांचा डबा गाडीत कायम असतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि प्रशिक्षणार्थ्याच्या वाट्याला ते सर्वात जास्त येते, हे आताच सांगून ठेवतो.

या फेरीतले महत्त्वाचे काम मात्र हाताचे नसते, डोळ्यांचे असते. कळपात पोहोचल्यावर आधी लांबून थांबायचे. तुम्ही गाडीतून उतरून थेट गाईंत शिरलात, तर सगळ्या उठतील, डोकी वर करतील आणि आजारी जनावरही चार पावले टवटवीत असल्यासारखे चालेल. भक्ष्य होणाऱ्या प्राण्याचा तो स्वभावच आहे. लांबून पाहिले तर दिसते, की एक गाय इतरांपासून बाजूला आहे, एका वासराचे पोट दुपार झाली तरी खपाटीला गेलेले आहे, एका गाईची कास एका बाजूने ताठलेली आहे, एकीच्या डोळ्यातून पाणी गळते आहे. कासेवरून वासराचे कळते: सड चकचकीत आणि मऊ असतील तर वासरू पीत आहे, आणि कास फुगून सडांवर धूळ बसली असेल, तर आधी वासरू शोधायला निघायचे. ‘मोजणे’ हाही पाहण्याचाच भाग आहे. कुरणात गाय-वासराच्या १८० जोड्या असायला हव्यात आणि १७८ भरल्या, तर उरलेल्या दोन सापडेपर्यंत दिवस संपत नाही.

गुरे हलवण्याबद्दलही इथेच सांगतो, कारण चित्रपटांतून आपल्या मनात आरोळ्या, चाबूक आणि दौडणारे घोडे भरलेले असतात. चांगल्या रँचवर गुरे चालत जातात, धावत नाहीत. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य कक्षा असते. तुम्ही तिच्या कडेवर आलात की ते हलते आणि मागे सरलात की थांबते. खांद्याच्या मागून दबाव आणलात तर जनावर पुढे जाते, खांद्याच्या पुढून दबाव आणलात तर मागे फिरते. गुरे शांतपणे हाताळण्याचे प्रशिक्षक बड विल्यम्स यांनी ही पद्धत रँचवाल्यांना शिकवली आणि प्राणिवर्तनाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांनी त्याच समजेवर कोंडवाडे आणि जाण्या-येण्याच्या वळणदार गल्ल्यांची रचना केली. आपल्याकडचा जुना गुराखी हे न शिकताच जाणत असतो. गोठ्यात दाव्याने गाय ओढण्याची सवय लागलेल्या माणसाला मात्र हे पुन्हा शिकावे लागते, कारण इथल्या गाईला दावेच नाही.

आतापर्यंतचे सांगायचे तर, गाईची रोजची सेवा गाय स्वतः करते, माणूस पाणी, मीठ, कुंपण आणि नजर सांभाळतो. ही व्यवस्था उन्हाळ्यात तिघांना पुरते. तिची खरी परीक्षा विण्याच्या हंगामात होते.

हंगामाची सुरुवात कालवडींपासून होते. पहिलारू कालवडी साधारण दोन वर्षांच्या वयात विताना अडतात, त्यांचे पुन्हा माजावर येणेही लांबते, म्हणून त्यांना मोठ्या गाईंच्या आधी दोन-तीन आठवडे विण्यासाठी धरलेले असते आणि घराजवळच्या वाड्यात ठेवलेले असते. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, कुणीतरी बॅटरी घेऊन फेरी मारते. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातले गुरेपालक गस कोनेफाल यांच्या नावाने ओळखली जाणारी एक युक्ती इथे बहुतेक जण वापरतात: गाईंना दिवसाचा मुख्य चारा संध्याकाळी घालायचा. तसे केल्यास जास्त वासरे दिवसाउजेडी जन्मतात. मी स्वतः हे इतक्या कळपांत पाहिले आहे की, रात्रपाळी कमी करण्याचा सर्वात स्वस्त उपाय म्हणून तो पहिल्यांदा सुचवतो.

हस्तक्षेप केव्हा करायचा? पाणमोट दिसल्यानंतर किंवा फुटल्यानंतर कालवडीला तासाभरात आणि मोठ्या गाईला अर्ध्या तासात ठळक प्रगती दिसली पाहिजे. दोन पाय आणि त्यांवर टेकलेले नाक दिसत असेल, खुरांचे तळवे खाली असतील आणि कळ येईल तसे वासरू पुढे सरकत असेल, तर वाड्याबाहेर उभे राहून वाट पाहायची. तळवे वर दिसले, एकच पाय आला, किंवा शेपूट तेवढी हाताला लागली, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. गोठ्यातून आलेल्या माणसाचा हात इथे लवकर पुढे जातो, कारण घरी प्रत्येक वीण आपण जवळ बसून करून घेतो. इथे अकारण जवळ गेल्याने कालवड उठते, कळा थांबतात, आणि व्याल्यावर वासराला चाटायचे सोडून ती माणसापासून दूर पळते. आईने वासरू न स्वीकारणे हे रँचवर मोठे नुकसान आहे, कारण सहाशे गाईंत बाटलीने दूध पाजायला कुणाला वेळ नसतो.

चिकाच्या बाबतीत मात्र हयगय चालत नाही. वासराच्या आतड्यातून रोगप्रतिकारक घटक शोषले जाण्याची क्षमता जन्मानंतर तासातासाने कमी होते आणि चोवीस तासांत जवळपास बंद होते, त्यामुळे पहिल्या सहा तासांत पोटभर चीक गेलाच पाहिजे. वासराने उठून पिल्याची खात्री झाली नाही, तर गाय खोड्यात घेऊन तिचा चीक काढायचा आणि नळीने पाजायचा. या कामात तुमचा गोठ्यातला हात तिथल्या कित्येक तरुणांपेक्षा सरस ठरेल.

थंडीचे गणित आपल्याकडे ठाऊक नसते. हिवाळी केसांचा दाट, कोरडा थर असलेली मोठी गाय उणे ८ अंश सेल्सिअसपर्यंत फारशी तक्रार न करता राहते, पण तीच गाय भिजली तर १५ अंशांखालीच तिला ऊब टिकवण्यासाठी जास्त चारा लागतो. नुकतेच जन्मलेले वासरू तर ओलेच असते. म्हणून मार्चमधला कोरडा बर्फ एकवेळ परवडतो, पण एप्रिलमधला पाऊस आणि त्यामागून येणारा वारा वासरे मारतो. अशा रात्री वासरू गाडीच्या पुढच्या भागात हीटरसमोर, कोमट पाण्याच्या टबात, किंवा चक्क मालकिणीच्या स्वयंपाकघरात शेगडीजवळ पोहोचते. आधी कोरडे करून ऊब द्यायची, चीक पाजायचा, आणि शक्य तितक्या लवकर आईकडे परत न्यायचे.

हंगामाच्या मध्यावर वासरांच्या हगवणीचा धोका असतो. जुन्या पद्धतीत सगळ्या गाई एकाच वाड्यात वीत. आधी जन्मलेली वासरे स्वतः आजारी न पडता जंतू वाढवत आणि शेवटी जन्मलेली वासरे त्याला बळी पडत. यावर नेब्रास्का विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २००० सालाच्या सुमारास याच भागातल्या रँचवर एक पद्धत बसवली, जी आज ‘सँडहिल्स वीण पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तीत वासरे झालेल्या गाई आहेत तिथेच राहतात आणि अजून गाभण असलेल्या गाई पुढच्या ताज्या कुरणात जातात. पहिल्या कुरणात साधारण दोन आठवडे आणि नंतर दर आठवड्याला एक कुरण, अशी ती चाल असते. त्यामुळे एका कुरणातली सगळी वासरे एका वयाची राहतात आणि लहान वासराला मोठ्या वासराच्या शेणातून रोग लागत नाही. औषधाचा एक थेंबही न वापरता हगवण रोखणारी ही पद्धत मला रँचवर शिकलेल्या गोष्टींपैकी सर्वात मोलाची वाटते, आणि तिचा गाभा आपल्या गोठ्यातही लागू पडतो: वासरांना वयाप्रमाणे वेगळे ठेवा आणि नवजात वासराला जुन्या वासरांच्या जागेत कधी बांधू नका.

मे-जूनमध्ये वासरांना डागण्या देण्याचा दिवस येतो. नेब्रास्काच्या पश्चिमेकडील सुमारे दोन तृतीयांश भागात जनावर विकताना किंवा भागाबाहेर नेताना डागाची अधिकृत तपासणी होते, त्यामुळे डाग हा मालकीचा पुरावा आहे. त्याच दिवशी लसीकरण आणि गोऱ्ह्यांचे खच्चीकरण होते. लसीत मुख्य असते ती फऱ्या आणि त्याच्या जातभाई रोगांची, तुम्हाला परिचित असलेली. लाळ-खुरकुताची लस मात्र तिथे दिसणार नाही, कारण १९२९ नंतर अमेरिकेत तो रोग आलेला नाही, आणि म्हणूनच तिथल्या विमानतळावर तुमचे गोठ्यातले बूट बारकाईने तपासले जातील. ते घरीच ठेवा आणि विमानतळावरच्या सीमाशुल्क घोषणेत शेतीशी संबंध असल्याचे खरे सांगा. या दिवशी तीन माणसे पुरत नाहीत आणि पैसे देऊन माणसेही आणली जात नाहीत. शेजारच्या सात-आठ रँचवरची कुटुंबे घोडे घेऊन येतात, काम संपल्यावर एकत्र जेवतात, आणि पुढच्या शनिवारी सगळे जण दुसऱ्याच्या रँचवर जातात. आपल्याकडची सावड किंवा इर्जिक ज्याने पाहिली आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. ‘तिघांत सहाशे’ या हिशोबात न दिसणारी माणसे ती हीच.

गवताबद्दल लिहिल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही, कारण जाणता रँचवाला स्वतःला गवताचा शेतकरी म्हणवतो आणि गाईला ते कापणारे अवजार समजतो. ‘निम्मे घ्या, निम्मे ठेवा’ हा तिथला ढोबळ नियम. गवत निम्म्याच्या खाली चरले गेले तर मुळे आखडतात, दुष्काळात झाड तग धरत नाही, आणि टेकडीच्या माथ्यावर एकदा वाळू उघडी पडली की वारा तिथे खड्डा कोरत जातो. तो भरून यायला वर्षानुवर्षे लागतात. म्हणून गुरे एका कुरणातून दुसऱ्या कुरणात केव्हा हलवायची, हा निर्णय मालक स्वतःकडे ठेवतो, आणि तुम्ही त्याच्याकडून शिकण्यासारखी सर्वात मोठी गोष्ट तीच आहे. त्याच्यासोबत गाडीतून उतरा, गवताची जात विचारा, तो वाकून काय पाहतो ते पाहा.

सखल कुरणांतले गवत जुलै-ऑगस्टमध्ये कापून, वाळवून, पाचशे-साडेपाचशे किलोच्या गोल गठ्ठ्यांत बांधतात. तो महिना ट्रॅक्टरवर जातो. हिवाळ्यात एका गाईला दिवसाला बारा-चौदा किलो वाळले गवत लागते, पण शहाणा मालक ते शक्य तितके कमी वापरतो. कारण यंत्र, इंधन आणि माणूस लावून तोंडाशी आणलेल्या गवतापेक्षा गाईने स्वतः उभे वाळलेले गवत चरणे कितीतरी स्वस्त पडते. त्या गवतात प्रथिने कमी असतात, म्हणून आठवड्यातून काही वेळा पेंडीच्या कांड्या टाकतात, ज्यांना तिथे सगळे ‘केक’ म्हणतात. गाडीचा भोंगा वाजला की दूरच्या टेकड्यांवरून गाई धावत येतात. पेंडीने गाय लठ्ठ करायची नसते. थोड्या प्रथिनांनी तिच्या पोटातले जंतू जोमदार झाले की निकस गवतही पचते. सरकी पेंड आणि कडबा यांचे नाते तुम्हाला ठाऊक आहे, तत्त्व तेच. विण्याच्या वेळी गाईच्या अंगावरचे मांस-चरबी १ (अगदी हडकुळी) ते ९ (अतिलठ्ठ) या मोजपट्टीवर ५ आणि कालवडीची ६ असावी, असे धरतात. त्याखाली गेलेली गाय ते ८२ दिवस चुकवते.

ऑक्टोबरमध्ये वासरे आईपासून तोडतात. अनेक जण आता त्यांना मजबूत कुंपणाच्या दोन बाजूंना ठेवतात, म्हणजे एकमेकांना दिसतात, हुंगतात, पण पिता येत नाही. चार-पाच दिवसांत हंबरणे थांबते. त्याच सुमारास गाईंची गाभण-तपासणी होते आणि जी भाकड निघाली ती विकली जाते. इथे हळहळ व्यक्त करायला जागा नसते, कारण भाकड गाय आणखी एक पूर्ण वर्ष पोसून हाती काही येत नाही.

आणि इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ही वासरे पुढे चरायला, मग फीडलॉटवर आणि साधारण दीड वर्षाच्या वयात कत्तलखान्यात जातात. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर कायद्याने बंदी आहे आणि तुमच्या घरात गाईला जे स्थान आहे, ते मला ठाऊक आहे. हे काम करावे की करू नये, हे मी सांगणार नाही. तो निर्णय तुमचा आणि तुमच्या घरच्यांचा आहे, पण तो निघण्यापूर्वी घ्या. तिथे पोहोचून वासरे गाडीत चढवताना मन मागे ओढू लागले, तर तुम्हालाही त्रास होईल आणि ज्यांनी भरवशाने बोलावले त्यांनाही. माझ्यापुरते सांगायचे तर, जनावर जिवंत आहे तोवर त्याला पाणी, गवत आणि शांतता मिळावी, हे माझे काम, असे मी ठरवून घेतले. सगळ्यांना ते पटतेच असे नाही.

तुमचा गोठ्यातला अनुभव उपयोगी पडेल का? कास, चीक, वीण, हगवण, माज ओळखणे, इंजेक्शन देणे, यांत नक्कीच. अडचण दोन ठिकाणी येईल. घरची गाय तुम्हाला ओळखते आणि तुम्ही निर्धास्तपणे तिच्या मागच्या पायाशी बसता. रँचवरची सहाशे किलोची, नुकतीच व्यालेली गाय तुम्हाला लांडगा समजते. वासराच्या कानात बिल्ला मारताना एकाने काम करायचे आणि दुसऱ्याने गाईवर नजर ठेवायची. एकटे असाल तर गाडी किंवा चारचाकी बाइक मध्ये ठेवायची. दुसरे, औषधे. आपल्याकडे दुकानातून प्रतिजैविके आणून टोचण्याची जी मोकळीक दिसते, ती तिथे नाही. जून २०२३ पासून माणसांच्या उपचारातही महत्त्वाची असलेली प्रतिजैविके जनावरांसाठी पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि दिलेल्या प्रत्येक मात्रेची नोंद ठेवावी लागते, कारण औषधाचा अंश शरीरातून जाईपर्यंतचे ठरलेले दिवस ते जनावर कत्तलीसाठी विकता येत नाही.

जाता जाता, अभिमान वाटावा अशी एक माहिती. तुमच्या रँचवर बहुधा काळ्या अँगस आणि तांबड्या-पांढऱ्या हियरफोर्ड रक्ताची गुरे असतील. पण दक्षिणेकडील उष्ण राज्यांत चालणारी अमेरिकन ब्राह्मण जात भारतीय गुरांपासून तयार झाली आहे आणि तिच्या पूर्वजांत गीर, ओंगोल यांच्याबरोबर कृष्णा खोऱ्याची जातही आहे. कृष्णाकाठचे रक्त तुमच्या कितीतरी आधी तिकडे पोहोचलेले आहे.

राहण्याबद्दल थोडेसे. किराणा दुकान पन्नास-साठ किलोमीटरवर असते, बर्फात रस्ता काही दिवस बंद होतो, फोनला प्रत्येक टेकडीआड रेंज मिळत नाही. डाळी, मसाले आणि प्रेशर कुकर बरोबर न्या. कपडे मात्र तिथे गेल्यावर घ्या, आपल्याकडची जाकिटे त्या वाऱ्यात टिकत नाहीत. जेवणात काय चालते आणि काय नाही, हे पहिल्याच दिवशी सरळ सांगा. ती माणसे त्याचे वाईट वाटून घेत नाहीत.

होकार कळवण्यापूर्वी मालकांना एवढे विचारा: कालवडी आणि गाई कोणत्या तारखेपासून विणार, रात्रीच्या फेऱ्या कशा वाटून घेतल्या जातात, राहण्याची खोली वेगळी आहे की घरातच, आठवड्याची सुट्टी विण्याच्या हंगामात मिळते की नंतर एकत्र, घोडा आणि ट्रॅक्टर कोण शिकवणार, आणि दुखापत झाली तर विमा कुणाचा. शेवटचा प्रश्न विचारायला आपली मुले संकोचतात. तो आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. वीण मार्चमध्ये सुरू होत असेल, तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करा, म्हणजे कालवडी विऊ लागण्याआधी वाडे, दरवाजे आणि दिव्यांची बटणे तुम्हाला अंधारातही सापडतील.